परवाना क्रमांक १ : जेआरडी टाटा यांची शिस्तीची भरारी

हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरले की भिगवण आणि कुंभारगावच्या काठावर पर्यटकांची गर्दी होते. अलीकडे या गर्दीत दुर्बिणीबरोबर आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. पाठीवरच्या पिशवीतून चार पंख्यांचे छोटे यंत्र बाहेर निघते, मोबाइलला जोडलेला रिमोट हातात येतो आणि दोन मिनिटांत ते यंत्र पाण्यावर घोंगावू लागते. उन्हाळ्यात धरणाची पातळी खालावून पळसदेवचे पळसनाथ मंदिर उघडे पडले की तेथेही हेच दृश्य दिसते. उसाच्या फडावर फवारणी करणारे मोठे ड्रोन बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यांना आता नवे राहिलेले नाहीत. पण हौसेखातर ड्रोन उडविणाऱ्यांची संख्या त्याहून वेगाने वाढत असावी, असे वाटण्याजोगी परिस्थिती आहे.

याच आकाशात आणखी एक वर्दळ असते. बारामतीच्या विमानतळावरून वैमानिक होऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींची लहान प्रशिक्षण विमाने उडतात आणि त्यांचे घिरट्यांचे क्षेत्र इंदापूर तालुक्यापर्यंत पसरलेले असते. जुलै २०२२ मध्ये एकटीने उड्डाण करणाऱ्या एका प्रशिक्षणार्थी तरुणीचे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. सुदैवाने ती बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती तालुक्यात कटफळ आणि गोजुबावी परिसरात अवघ्या चार दिवसांच्या अंतराने दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाले. शिकाऊ माणूस आणि आकाश यांच्यातील व्यवहार किती नाजूक असतो, याची जाणीव या भागाला वेगळी करून देण्याची गरज नाही.

उड्डाणाची हौस आणि उड्डाणाची जबाबदारी यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मात्र ड्रोनइतका नवा नाही. भारतात तो प्रथम ज्यांच्यापुढे उभा राहिला, त्यांत जहांगीर रतनजी दादाभाई टाटा म्हणजेच जेआरडी यांचे नाव अग्रभागी येते. उद्योगपती म्हणून, एअर इंडियाचे जनक म्हणून आणि भारतरत्न म्हणून त्यांचे चरित्र अनेकदा सांगितले गेले आहे. परंतु या सर्व बिरुदांच्या आधी ते एक हौशी वैमानिक होते. पोटापाण्यासाठी नव्हे, तर निव्वळ आवडीसाठी त्यांनी विमान उडविणे शिकून घेतले. ही हौस त्यांनी ज्या रीतीने जोपासली, तिच्याकडे नव्या हौशी मंडळींनी पाहण्याजोगे बरेच आहे.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजींचे नातलग आणि व्यवसायातील सहकारी. आई सुझान ब्रिएर या फ्रेंच. विवाहानंतर त्यांचे नाव सूनी ठेवण्यात आले. पाच भावंडांत जहांगीर दुसरे. घर कधी पॅरिस, कधी मुंबई, तर काही काळ जपान असे फिरत राहिले आणि मुलाचे शिक्षणही त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी झाले. फ्रेंच ही त्यांची पहिली भाषा होती.

उत्तर फ्रान्सच्या समुद्रकिनारी हार्डेलो या गावी टाटा कुटुंबाचे सुटीतील घर होते. शेजारी राहत होते लुई ब्लेरिओ. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा हाच तो माणूस. त्या काळी विमान ही लाकूड, कापड आणि तारा यांची नाजूक मोळी असे. ती वाळूच्या किनाऱ्यावर उतरताना पाहण्यासाठी गावची मुले धावत जात. जहांगीर त्यांतलेच एक. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याच किनाऱ्यावर पैसे देऊन विमानात बसण्याची संधी त्यांना मिळाली. काही मिनिटांची ती फेरी. पण आपण वैमानिक व्हायचे, हे त्या मुलाच्या मनाने तेथेच घेतले.

आजचा मुलगा असता तर त्याच आठवड्यात ऑनलाइन मागणी नोंदवून मोकळा झाला असता. जहांगीरना त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे थांबावे लागले. १९२३ मध्ये आई क्षयाने गेली. पुढे फ्रेंच नागरिक म्हणून सैन्यातील सक्तीची सेवा त्यांच्या वाट्याला आली आणि ते स्पाही या घोडदळाच्या पलटणीत दाखल झाले. घोडेस्वारीच्या पुढील शिक्षणासाठी सैन्यात आणखी काही महिने राहण्याची त्यांची इच्छा होती. वडिलांनी ती मोडून काढली आणि मुलाला परत बोलावले. पुढे थोड्याच काळात ती पलटण मोरोक्कोतील लढाईत कापली गेली. केम्ब्रिजला अभियांत्रिकी शिकण्याचा बेतही वडिलांनीच रद्द केला. १९२५ च्या अखेरीस जहांगीर मुंबईत टाटा सन्समध्ये बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. वयाच्या बाविसाव्या वर्षी कुटुंबाची आणि कर्जाची जबाबदारी अंगावर आली. औपचारिक पदवी हातात नसल्याची खंत त्यांना पुढे आयुष्यभर राहिली. कदाचित त्यामुळेच, जे शिकायचे ते मुळापासून, ही त्यांची सवय झाली असावी.

मुंबईत जुहूच्या मैदानावर फ्लाइंग क्लब सुरू झाला तेव्हा जेआरडी चोवीस वर्षांचे होते. १९२९ च्या प्रारंभी त्यांनी धडे घ्यायला सुरुवात केली. प्रशिक्षकाबरोबर अवघे पावणेचार तास उड्डाण केल्यावर त्यांना एकट्याने विमान उडविण्याची परवानगी मिळाली आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना हाती आला. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेने भारतात दिलेल्या वैमानिक परवान्यांतील तो पहिला. त्यावर क्रमांक होता १. पुढे अनेक पदे आणि पदव्या मिळूनही या निळ्या-सोनेरी चोपडीइतका आनंद त्यांना फार थोड्या गोष्टींनी दिला.

पावणेचार तास हा आकडा ऐकून हुरळून जाण्याचे कारण नाही. ते तास कसे घालविले, हे अधिक महत्त्वाचे. पुढच्या आसनावर प्रशिक्षक, मागे शिकाऊ. तेच उड्डाण, तेच वळण, तेच उतरणे पुन:पुन्हा. एकट्याने पहिली फेरी घ्यायची तीही मैदानाच्या भोवतीच, नजरेच्या टप्प्यात. आज ड्रोन हाती आलेल्याने पहिले दिवस मोकळ्या मैदानात, माणसांपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, डोक्याच्या थोडे वर यंत्र स्थिर ठेवण्यात घालवावेत, असे जाणकार सांगतात तेव्हा ते याच जुन्या पद्धतीची आठवण देत असतात. ड्रोनचे तोंड आपल्याकडे असताना डावे-उजवे उलटे होते आणि नवख्याचा हात नेमका तेव्हाच चुकतो. हे पुस्तकात वाचून समजत नाही. शंभर वेळा करूनच अंगवळणी पडते. शाळेच्या सुट्टीत रिकामे झालेले क्रीडांगण यासाठी पळसनाथाच्या शिखरापेक्षा केव्हाही बरे.

जेआरडी स्वभावाने सावध होते असा समज मात्र करून घेऊ नये. त्यांना वेगाचे वेड होते. त्यांच्याकडे बुगाटी मोटार होती आणि मुंबईच्या रस्त्यांवर ती ते अशी पिटाळीत की बेदरकार वाहन चालविल्याचा ठपका त्यांच्यावर आला. बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी या वकिलांना गाठले. या वकिलांच्या घरी त्यांची पुतणी थेल्मा भेटली आणि डिसेंबर १९३० मध्ये जेआरडी व थेल्मा विवाहबद्ध झाले. रस्त्यावर ज्याला वकील करावा लागला, त्याच माणसाने आकाशात पन्नासहून अधिक वर्षे नावाला बट्टा लागू दिला नाही. वेगाची ओढ तीच, धाडसही तेच. विमानात बसण्यापूर्वी मात्र तेल, इंधन, तारा, हवामान हे सारे स्वत:च्या डोळ्यांनी तपासायचे, ही सवय क्लबने लावली आणि ती सुटली नाही.

या सवयीचा कस लागला १९३० मध्ये. आदल्या वर्षी आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले होते. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने, ठरलेल्या मुदतीत विमानाने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड मिळणार होते. तीन तरुण पुढे आले. मनमोहन सिंग आणि अस्पी इंजिनिअर हे इंग्लंडहून भारताकडे निघाले. जेआरडी ३ मे १९३० रोजी कराचीहून उलट दिशेने, जिप्सी मॉथ या उघड्या लहान विमानातून. रेडिओ नाही, हवामानाचा अंदाज सांगणारी यंत्रणा नाही. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी जमीन एवढाच आधार.

इजिप्तमधील अबुकीर येथे जेआरडी उतरले तेव्हा अस्पी तेथे अडकून पडले होते. त्यांचे वय त्या वेळी सतरा वर्षांच्या आसपास. इंजिनाचा स्पार्क प्लग निकामी झाला होता आणि जवळ सुटा प्लग नव्हता. जेआरडींनी निघतानाच सुटे प्लग बरोबर घेतले होते. त्यांतून त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला दिले. अस्पींनी त्या बदल्यात आपले लाइफ जॅकेट त्यांना दिले, कारण पुढे भूमध्य समुद्र जेआरडींना ओलांडायचा होता. दोघे आपापल्या दिशेने उडाले. अस्पी कराचीला पोहोचले आणि जेआरडी लंडनला पोहोचले, तेव्हा दोघांमध्ये काही तासांचेच अंतर होते आणि अस्पी पुढे होते. मनमोहन सिंग यांची मुदत टळल्याने बक्षीस अस्पींना मिळाले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

खिलाडूपणाचा नमुना म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात एक दुय्यम गोष्ट दडलेली आहे. औदार्य दाखवायला आधी खिशात सुटा प्लग असावा लागतो. जेआरडींनी तो ठेवला होता, कारण निघण्यापूर्वी काय बिघडू शकते याचा हिशेब त्यांनी मांडला होता. कुंभारगावच्या काठावर उभ्या असलेल्या हौशी ड्रोनधारकापुढचा हिशेब याहून सोपा आहे, तरी तो क्वचितच मांडला जातो. उजनीच्या मोकळ्या पाण्यावर दुपारनंतर वारा वाढतो. वाऱ्याच्या दिशेने ड्रोन झपकन दोन-तीन शेतांएवढे अंतर कापतो आणि परतताना त्याच वाऱ्याशी झुंजत बॅटरी संपवितो. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, येताना वारा पाठीशी असावा आणि बॅटरी एकतृतीयांश उरली असतानाच माघारी फिरावे. आपोआप परत येण्याची सोय असलेल्या ड्रोनमध्ये ती उंची झाडांच्या व तारांच्या वर ठरवून ठेवावी. नाहीतर परत येणारा ड्रोन वाटेतल्या बाभळीत घुसतो. पंख्याला चीर गेली असेल तर तो फेकून द्यावा, फुगलेली बॅटरी वापरू नये. हे सारे म्हणजे जेआरडींचे सुटे प्लगच होत.

जेआरडींच्या हौसेचे रूपांतर व्यवसायात झाले ते नेव्हिल व्हिन्सेंट या माजी ब्रिटिश हवाई दल वैमानिकामुळे. कराचीपर्यंत येणारी विलायतेची टपाल पुढे मुंबई आणि मद्रासला विमानाने नेण्याची योजना त्यांनी मांडली. सर दोराबजी टाटा त्या वेळी प्रमुख होते. नव्या धंद्यात पैसा घालण्यास ते फारसे उत्सुक नव्हते. जॉन पीटरसन यांनी त्यांचे मन वळविले आणि सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम सुरू झाले. सरकारशी वाटाघाटी करण्यातच तीन वर्षे गेली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पुस मॉथ विमान उडविले. बरोबर प्रवासी नव्हता; होती पंचवीस किलोंच्या आसपास टपाल. वाटेत अहमदाबादला इंधन घ्यायचे होते. ते बैलगाडीतून डब्यांमध्ये आणून ठेवले होते. दुपारी विमान जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासकडे नेली. भारतीय नागरी विमानसेवेचा आरंभ म्हणून ज्या दिवसाचा उल्लेख होतो, तो हाच.

जुहूचे मैदान म्हणजे समुद्राकाठची चिखलाची पट्टी. पावसाळ्यात भरतीचे पाणी तेथे शिरत असे. तेव्हा विमाने, माणसे आणि कारखान्याचा सगळा पसारा पुण्याला हलविला जाई आणि येरवड्याच्या तुरुंगाखालच्या मैदानावरून टपाल उडे. पुणे जिल्ह्याच्या हवाई इतिहासातील हे पान आज फारसे कोणाला आठवत नाही. घाटावरचे ढग, रेडिओशिवाय उड्डाण आणि वाट दाखवायला रेल्वेचे रूळ, अशा स्थितीत त्या मूठभर वैमानिकांनी वेळापत्रक पाळले. पहिल्या वर्षभरात विमाने १ लाख ६० हजार मैल उडाली, सुमारे दहा टन टपाल गेली आणि साठ हजार रुपयांचा नफा झाला. रेल्वे आणि टपाल खात्याला सरकारने त्यांचा वक्तशीरपणा उदाहरण म्हणून दाखवावा, अशी ती कामगिरी होती. ती धाडसावर उभी नव्हती. कोणत्या ढगातून जायचे नाही आणि कोणत्या दिवशी उडायचे नाही, हे ठरविण्याची ताकद तिच्यामागे होती.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्या जागी राहिले. उद्योगांची ती कहाणी येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. पुणेकरांना पिंपरीतील टेल्कोच्या रूपाने ती दाराशीच दिसते. हवाई क्षेत्रात मात्र त्यांच्या वाट्याला मानाबरोबर मोठी दु:खेही आली. सहकारी व्हिन्सेंट १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटनमधून परतताना, ते बसलेले विमान पाडले गेल्याने मृत्युमुखी पडले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तेव्हा जेआरडी स्वत: त्यात प्रवासी होते. त्याच विमानाचा ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळून चुराडा झाला. ४८ जण गेले. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. ज्या पद्धतीने ते झाले तिच्याबद्दल जेआरडींची तीव्र नाराजी होती. तरीही अध्यक्षपद विनावेतन स्वीकारून त्यांनी ते पंचवीस वर्षे सांभाळले. २४ जानेवारी १९६६ रोजी पुन्हा माँ ब्लाँच्याच परिसरात कांचनजंगा विमान पडले. ११७ मृतांमध्ये डॉ. होमी भाभा होते. भाभांच्या मूलभूत संशोधन संस्थेच्या स्थापनेत टाटांचे पाठबळ होते आणि जेआरडींचा तर तो जुना मित्र.

या काळातील त्यांची कार्यपद्धती दंतकथेसारखी सांगितली जाते, पण ती खरी होती. विमानातून प्रवास करताना ते टिपणे काढीत. चहाचा रंग, पडद्यावरचा डाग, आसनाचा कोन, सेविकेच्या केसांची ठेवण, उशिराचे कारण, सारे त्यात असे. उतरल्यावर ती टिपणे व्यवस्थापनाकडे जात. काउंटरवर धूळ दिसली तर फडके मागवून स्वत: पुसण्यास ते कचरत नसत. ज्या यंत्रणेला लहान चुका दिसत नाहीत तिला मोठी चूकही दिसणार नाही, अशी त्यांची धारणा त्यांच्या वागण्यातून दिसे. विमानात बसण्यापूर्वी भोवती एक फेरी मारून प्रत्येक तार पाहणाऱ्या हौशी वैमानिकाची ती जुनी सवय, मोठ्या पदावर गेल्यावर तिने घेतलेले हे रूप.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री त्या सवयीलाही पुरे न पडणारा प्रसंग आला. एम्परर अशोक हे जम्बो विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि काही मिनिटांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण दगावले. बाहेर अंधारा समुद्र, क्षितिज दिसत नव्हते. विमान किती कलले आहे हे दाखविणाऱ्या मुख्य वैमानिकासमोरील उपकरणाने चुकीचे दाखविले आणि त्यांनी त्यावर विसंबून विमान उलट दिशेला कलविले. दुसरी उपकरणे शेजारीच होती. पण तो दिशाभ्रम ओळखायला हाताशी क्षण फार थोडे होते. इतकी अनुभवी माणसे जेथे फसतात, तेथे मोबाइलच्या पडद्यावरच्या चित्राला आकाश समजणाऱ्या नवख्याचे काय होईल, याचा विचार करावा. भारतातील ड्रोन नियमांनी ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवण्यास सांगितले आहे, ते उगीच नव्हे. पडद्यावर समोरचे दिसते. बाजूने येणारी घार किंवा प्रशिक्षण विमान दिसत नाही.

२०२१ मध्ये लागू झालेल्या त्या नियमांचा गाभा जेआरडींच्या काळच्या क्लबाला अपरिचित वाटला नसता. आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग पाडून त्यांचा नकाशा ऑनलाइन उपलब्ध केला गेला. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडविण्यास पूर्वपरवानगी लागत नाही; चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटर अंतरात ही मर्यादा २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडविता येत नाही. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी, तसेच दोन किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनच्या बिगरव्यावसायिक वापरासाठी दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. कागद लागत नाही म्हणून शिक्षण लागत नाही, असा अर्थ मात्र काही जण काढतात. बारामतीजवळच्या गावात राहणाऱ्याला विमानतळापासूनचे आपले अंतर माहीत नसेल, तर त्याच्या घराच्या गच्चीवरून उडालेले पाचशे ग्रॅमचे यंत्र आणि एकट्याने चौथी फेरी घेणारी एखादी विद्यार्थिनी एकाच उंचीवर येऊ शकतात. अशा वेळी परवाना क्रमांक १ चा मालक कोणाच्या बाजूने उभा राहिला असता, हे सांगायला नको. उजनीवरच्या रोहित पक्ष्यांना तर नकाशा वाचताच येत नाही. थव्याच्या डोक्यावर ड्रोन गेला की सगळा थवा उठतो, चरणे सोडतो आणि त्या छायाचित्रासाठी त्याची शक्ती खर्ची पडते. हौशी माणसाने तेथे दुर्बीणच वापरावी.

एम्परर अशोकच्या दुर्घटनेनंतर महिन्याभरातच जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. मोरारजी देसाई यांच्या सरकारचा तो निर्णय होता आणि त्याची कारणे वेगळी होती. जेआरडी त्या वेळी जमशेदपूरला होते. सरकारकडून थेट कळविले जाण्यापूर्वी ही वार्ता त्यांना त्यांच्या जागी नेमलेल्या एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडून समजली. पंचेचाळीसहून अधिक वर्षे जोपासलेल्या संस्थेतून असे बाहेर पडावे लागणे त्यांना जिव्हारी लागले. इंदिरा गांधी सत्तेवर परतल्यानंतर त्यांना संचालक मंडळावर पुन्हा घेण्यात आले. अध्यक्षपद मात्र परत आले नाही.

विमान उडविणे त्यांनी सोडले नाही. पहिल्या टपाल उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, त्यांनी कराची-मुंबई हा प्रवास जुन्या विमानातून एकट्याने पुन्हा केला होता. १९८२ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. जेआरडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. वयाकडे बोट दाखवून त्यांना परावृत्त करू पाहणारे कमी नव्हते. त्यांनी वैद्यकीय तपासणी करून घेतली, सराव केला, विमानाची दुरुस्ती जातीने पाहिली आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजी लहानशा मॉथ विमानात बसून कराचीहून उड्डाण केले. वाटेत अहमदाबादला ते पूर्वीसारखेच थांबले. दुपारी जुहूला, जेथे चोवीसाव्या वर्षी पहिले धडे गिरविले होते, त्याच मैदानावर विमान अलगद उतरले. तरुण पिढीत हवाई धाडसाची आवड कमी होत चालल्याची खंत त्यांना वाटे आणि या उड्डाणामागे तीही एक प्रेरणा होती. हाताशी दूरस्थ यंत्र असूनही उडविण्याची हौस असलेल्या आजच्या मुलांकडे पाहून त्यांना कदाचित आनंदच झाला असता. मात्र उड्डाणाआधी त्यांनी टिपणवही नक्की मागितली असती.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न प्रदान करण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत, टाटा कुटुंबाच्या जागेत, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. हार्डेलोचा तो वाळूचा किनारा तेथून उत्तरेला, मोटारीने तीन तासांच्या अंतरावर आहे.